रजोनिवृत्तीनंतरचे एक मूक दुखणे आणि त्याचे औषध

लखनौ म्हटले की मराठी वाचकाला सर्वप्रथम आठवण होते ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नाने येथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय झाले आहे. कैसरबागेतील त्या परिसरातून गोमतीच्या काठाकडे निघाले, की घुमटावर छत्र मिरविणारा एक जुना राजवाडा दिसतो. त्याचे नाव छत्तर मंझिल. अवधच्या नवाबांच्या जनान्याचे येथे एके काळी वास्तव्य असे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी याच वाड्यात पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेचे उद्घाटन झाले. आणि जेथे स्त्रीचे सारे सुखदुःख पडद्याआड राहिले, तेथेच स्त्रीच्या शरीरातील सूक्ष्म रसांचा अभ्यास सुरू झाला. संस्था पुढे सीतापूर रस्त्यावरील नव्या वास्तूत गेली. पण डॉ. नित्या आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्माला घातलेले तिचे एक औषध घरोघरी पोचले. शास्त्रीय नाव सेंटक्रोमन. ‘सहेली’ आणि ‘छाया’ या नावांनी परिचित असलेली, आठवड्यातून एकदा घ्यावयाची संततिनियमनाची गोळी ती हीच.

त्या गोळीची हकीकत सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तिने शिकविलेला एक धडा मात्र आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. स्त्रीत्वाचा जो मुख्य अंतःस्राव, म्हणजे इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन, त्याचे कार्य शरीराच्या सर्व भागांत सारखेच होते असे नाही. सेंटक्रोमन हे गर्भाशयात आणि स्तनांत या हार्मोनला अटकाव करते, तर हाडांत काही अंशी त्याच्यासारखेच वागते. तात्पर्य, ‘हार्मोन’ या एका शब्दावरून औषध चांगले की वाईट हे ठरत नसते. कोणते हार्मोन, किती प्रमाणात आणि शरीराच्या कोणत्या ठिकाणी, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून निवाडा करता येत नाही. वाचकहो, पुढील सर्व मजकूर या तीन प्रश्नांचाच विस्तार आहे.

न सांगितलेले दुखणे

समजा, लखनौच्या मानकनगर येथील रेल्वे वसाहतीत एक मराठी कुटुंब राहते. घरातील आई अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. पाळी जाऊन दहा वर्षे झाली. अलीकडे त्यांना बसता-उठता आतून टोचल्यासारखे होते, आग होते, खाज सुटते. रात्री दोनतीनदा उठावे लागते. पतीजवळ जाणे त्यांनी केव्हाच टाळावयास आरंभ केला आहे. आणि कारण न कळल्यामुळे ते मनातल्या मनात दुखावले आहेत. हे सारे कोणाला सांगावे? शेवटी एके दिवशी त्या सुनेला म्हणतात, “लघवीला जरा जळजळते ग.”

हे एकच वाक्य चारचौघांत उच्चारता येण्याजोगे असते. म्हणून डॉक्टरांपर्यंतही तेवढेच पोचते. मग लघवीच्या जंतुसंसर्गावरील गोळ्या सुरू होतात. चार दिवस बरे वाटते, महिन्याने पुन्हा तेच. कधी दुकानदार खाजेवर म्हणून नायट्याचे मलम देतो. त्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते आणि मुळात पातळ झालेली त्वचा ते अधिकच पातळ करते. दुखणे एका ठिकाणी आणि औषध भलत्याच ठिकाणी, असा हा प्रकार वर्षानुवर्षे चालतो.

हे कुटुंब कल्पित आहे. पण आपल्या ओळखीत असे एकही घर नाही असे किती वाचक छातीवर हात ठेवून सांगू शकतील? रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना या तक्रारींपैकी काही ना काही भोगावी लागते. वास्तविक मराठी भाषेला या विषयाचा संकोच असण्याचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. शरीराच्या गोष्टी सभ्य, स्पष्ट मराठीत लिहिता येतात हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. आपणही आज ‘तिथे’, ‘खाली’ असे शब्द सोडून योनिमार्ग, मूत्रमार्ग असेच शब्द वापरू.

असे का होते?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांच्या बाबतीत हे वय सरासरीने सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीसच्या आसपास असते. अंडाशयांतून होणारी इस्ट्रोजेनची निर्मिती या वेळी जवळजवळ थांबते.

योनिमार्गाचे अस्तर या हार्मोनवर पोसलेले असते. ते मुबलक असताना अस्तर जाड, ओलसर आणि लवचिक राहते. अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची एक प्रकारची साखर साठते. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या जातीचेच काही उपकारक जंतू तेथे वसती करून असतात; या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्या आंबटपणामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन ओसरले की अस्तर पातळ पडते, साखर आटते, उपकारक जंतू कमी होतात व आंबटपणा नाहीसा होतो. मग कोरडेपणा, आग, खाज, समागमाच्या वेळी वेदना, हे क्रमाने येते. मूत्रमार्गाचा शेवटचा भागही याच हार्मोनवर अवलंबून असल्यामुळे वारंवार लघवीची भावना आणि जंतुसंसर्ग यांचीही भर पडते.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. रजोनिवृत्तीच्या काळात अंगात येणाऱ्या गरम वाफा बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत काही वर्षांनी शमतात. योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास आपोआप जात नाही, उलट वयाबरोबर वाढतो. “थोडे दिवस सोसावे, मग होईल बरे,” हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे लागू पडत नाही.

पहिली पायरी

प्रथम जे करू नये ते सांगतो. योनिमार्ग आतून साबणाने, जंतुनाशक द्रवाने किंवा सुगंधी धावनाने धुऊ नये. तो आतून स्वतःची स्वच्छता स्वतःच राखतो. बाहेरून साधे पाणी पुरते. तक्रार सौम्य असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे हार्मोनविरहित ओलावा देणारे जेल आठवड्यातून दोनतीन वेळा वापरावे, आणि समागमाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण घ्यावे. कित्येकींना एवढ्याने बरे वाटते. तेवढ्याने भागले नाही, तर योनिमार्गात वापरावयाच्या इस्ट्रोजेनचा विचार डॉक्टर करतात.

हे औषध दोन रूपांत अधिक वापरले जाते: एक मलम, दुसरे बारीक गोळी. मलमांतही भेद आहेत. एस्ट्रिऑल हे सौम्य जातीचे इस्ट्रोजेन असलेल्या मलमात बहुधा दर ग्रॅममागे १ मिलिग्रॅम औषध असते. संयुक्त इस्ट्रोजेनच्या मलमात दर ग्रॅममागे ०.६२५ मिलिग्रॅम असते. पण ते अधिक तीव्र जातीचे. म्हणून एका मलमाचे प्रमाण दुसऱ्याला लावणे धोक्याचे ठरते. दुकानदाराने “हेही तेच आहे” असे म्हणून दुसरी नळी पुढे केली, तर ती न घेता डॉक्टरांना विचारावे.

भय कोठून आले?

औषधाची पेटी उघडली की आत बारीक अक्षरांतील इंग्रजी कागद निघतो. घरातील शिकलेला मुलगा अथवा मुलगी तो वाचते आणि त्यांत हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गाठी, स्तनाचा कर्करोग असे शब्द आढळतात. पेटी बंद होऊन कपाटात जाते. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध अशा रीतीने न वापरताच कालबाह्य होते.

हे शब्द कोठून आले? अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या पोटात घ्यावयाच्या संयुक्त गोळीचा प्रयोग चालू होता. जुलै २००२ मध्ये तो मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. गोळी घेणाऱ्या स्त्रियांत दर दहा हजारांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ रुग्ण अधिक आढळले. पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी यांचेही प्रमाण वाढलेले दिसले. निष्कर्ष गंभीर होता; पण तो रोज पोटात घेण्याच्या गोळीविषयी होता. इशारा मात्र इस्ट्रोजेन असलेल्या सर्वच औषधांवर छापला गेला, त्यांत योनिमार्गात लावण्याचे मलमही आले.

आता मघाचे तीन प्रश्न विचारून पाहा. योनिमार्गात ठेवावयाच्या एका प्रचलित गोळीत इस्ट्रॅडिऑल असते अवघे १० मायक्रोग्रॅम. पहिले दोन आठवडे रोज एक, आणि नंतर आठवड्यातून दोन, असा तिचा क्रम. हिशेब करा: पहिल्या चौदा दिवसांत चौदा गोळ्या, उरलेल्या पन्नास आठवड्यांत शंभर, एकूण एकशे चौदा गोळ्या, म्हणजे सबंध वर्षात १.१४ मिलिग्रॅम औषध. आणि पोटात घेण्याच्या इस्ट्रॅडिऑलच्या गोळीचे एक नेहमीचे प्रमाण आहे रोज १ मिलिग्रॅम. म्हणजे एकीला जवळजवळ एका दिवसात मिळणारे औषध दुसरीला वर्षभर पुरते! शिवाय ते जेथे हवे तेथेच ठेवले जाते. रक्तात जे थोडे उतरते त्यामुळे पातळी रजोनिवृत्तीनंतरच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते. आरंभी अस्तर पातळ असताना ते थोडे अधिक शोषले जाते आणि अस्तर सुधारले की शोषण कमी होते.

अमेरिकेत हजारो स्त्रियांच्या पुढील अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. योनिमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत कर्करोग, हृदयविकार वा पक्षाघात यांचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रजोनिवृत्तीवरील हार्मोन औषधांच्या चौकटीतील ठळक इशारे बहुतांशी काढून टाकण्याचे जाहीर केले. आपल्या हाती येणाऱ्या पेटीतील कागदावर जुना मजकूर अद्याप असू शकतो. तो वाचून औषध टाकून देऊ नये, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि “यांतील कोणती गोष्ट मला लागू आहे?” असे सरळ विचारावे.

आणि लाभ? १९९३ साली इस्राएलमध्ये झालेल्या एका प्रयोगात वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलचे मलम आणि काहींना निव्वळ औषधहीन मलम देण्यात आले. औषधहीन मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी जवळजवळ सहा वेळा संसर्ग झाला. एस्ट्रिऑल लावणाऱ्यांना अर्धा, म्हणजे दोन वर्षांतून एकदा. मानकनगरच्या त्या आईंच्या जंतुनाशक गोळ्यांचा ढीग आठवला म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

वापरण्याची रीत

औषध रात्री निजण्यापूर्वी वापरणे सोयीचे. प्रथम हात साबणाने धुवावेत. मलमाबरोबर पिचकारीसारखी नळी येते. ती भरताना तिच्यावरील खूण पाहावी. संपूर्ण नळी भरणे म्हणजे पुष्कळदा सांगितलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट औषध घेणे होय. कोणत्या खुणेपर्यंत भरावयाची हे दवाखान्यातच विचारून घ्यावे आणि तेथे शाईची रेघ ओढून घ्यावी. उताणे निजून, गुडघे वाकवून, अंग सैल सोडून नळी अलगद आत सरकवावी आणि दांडा दाबावा. जोर लावू नये. बाहेरच्या भागाची आग होत असेल तर तेथे बोटाने थोडे मलम लावण्यास डॉक्टर सांगतात. नंतर नळी कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन वाळवावी, हात पुन्हा धुवावेत. एकीची नळी दुसरीने वापरू नये, मग ती बहीण का असेना.

एस्ट्रिऑलचा नेहमीचा क्रम म्हणजे आरंभीचे दोनतीन आठवडे रोज अर्धा ग्रॅम मलम, आणि पुढे आठवड्यातून दोन वेळा. हे केवळ समजुतीसाठी. आपले प्रमाण आपल्या चिठ्ठीवर असेल तेच. आठवड्याचे दोन वार ठरवून घेतले, उदाहरणार्थ सोमवार व गुरुवार, म्हणजे विसर पडत नाही. एखादी पाळी चुकलीच तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. हे मलम समागमाच्या वेळचे वंगण म्हणून मुळीच वापरू नये. पतीच्या त्वचेतूनही ते शोषले जाते.

लखनौ असो वा नागपूर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. औषध खिडकीत, स्वयंपाकघरात किंवा मोटारीत ठेवू नये. पेटीवर छापलेल्या तापमानात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

गुण येण्यास दोनतीन आठवडे लागतात, पूर्ण फरक पडण्यास कधी तीन महिने. आठ दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडणे जितके चूक, तितकेच बरे वाटले म्हणून परस्पर बंद करणे चूक. औषध थांबले की कोरडेपणा बहुधा परततो. म्हणून ते पुष्कळ काळ चालू ठेवावे लागते आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागते.

केव्हा थांबावे?

एक नियम घरातील प्रत्येक स्त्रीने, आणि पुरुषानेही, पाठ करून ठेवावा. पाळी कायमची गेल्यानंतर योनिमार्गातून रक्त गेले, मग ते एकच थेंब असो वा नुसता तांबूस डाग, तर ते तपासलेच पाहिजे. औषध चालू असो वा नसो. बहुतेक वेळा कारण साधे निघते. परंतु अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊजणींत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. वेळीच सापडला तर तो बहुधा बरा होतो. “मलमामुळेच झाले असेल,” किंवा “पाळी परत आली,” अशी समजूत करून घेऊन बसू नये. कारण न कळलेला रक्तस्राव असताना हे औषध सुरूही करू नये.

ज्यांना स्तनाचा अथवा गर्भाशयाचा कर्करोग पूर्वी झाला आहे त्यांनी प्रथम हार्मोनविरहित उपाय करावेत आणि कर्करोगाच्या डॉक्टरांच्या संमतीवाचून हे औषध घेऊ नये. इस्ट्रोजेन आटविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेषच. रक्ताची गाठ, पक्षाघात, यकृताचा विकार पूर्वी झाला असेल तर तेही सांगावे. अल्प प्रमाणातील औषधाबरोबर गर्भाशयाच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड सहसा लागत नाही. परंतु मलमाचे प्रमाण मनाने वाढविले तर अस्तर वाढण्याचा संभव असतो. औषध वापरूनही आग व खाज न थांबल्यास, पांढरा चट्टा वा गाठ दिसल्यास, पुनः तपासणी करवावी. प्रत्येक खाज कोरडेपणाचीच असते असे नाही.

सुनेचे वाक्य

आता पुन्हा त्या घरी जाऊ. आईंनी “जळजळते” एवढेच म्हटले आहे. पुढचे वाक्य सुनेचे आहे आणि सर्व काही त्यावर अवलंबून आहे. तिने “पाणी जास्त प्या, आई,” असे म्हटले तर गोष्ट तेथेच संपते. पण तिने जवळ बसून विचारले, “आई, लघवीच्या वेळीच जळजळते, की एरवीही? कोरडे वाटते का? डाग पडतो का?”, तर दहा वर्षांचे मौन पाच मिनिटांत सुटते. मग त्या दोघी सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जाऊ शकतात. लखनौमध्ये किंग जॉर्ज वैद्यकीय विश्वविद्यालयाचे क्वीन मेरी रुग्णालय स्त्रियांसाठीच आहे; आपल्या गावी जिल्हा रुग्णालय असेल. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि बोलण्याचा संकोच वाटत असेल तर चार ओळी कागदावर लिहून न्याव्यात.

पतींनाही दोन शब्द. पत्नी दूर राहते याचा अर्थ प्रेम आटले असा नव्हे; पुष्कळदा आटलेले असते ते केवळ एक हार्मोन, आणि त्यावर उपाय आहे. तेवढे समजून घेतले तरी तिचे निम्मे ओझे उतरते. उरलेले उतरविण्यास ते लहानसे मलम, योग्य प्रमाणात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बहुतेकींना पुरेसे आहे.